वर तार आहे

सोमवार, ३ मार्च २०२५

धाकूशेठ आज पुन्हा येऊन गेले. ह्यांना जाऊन पन्नास दिवस झाले आणि शेठ सहाव्यांदा आले. दर वेळी येताना शहाळी आणतात, जशी काही मीच दवाखान्यात पडले आहे.

आज त्यांच्याकडे बातमी होती. "वयनी, कमिटीत ठरला. इंजिनाला तानाजीभावाचा नाव द्याचा. पितलंची पाटी, ही एवरी!" दोन्ही हात पसरून दाखवली. "आता तू रडू नको गो."

मी रडत नव्हते.

शेठ ठाकुर्लीचेच. वाडवडिलांच्या भातखाचरांवर आता त्यांच्या इमारती आहेत. पण माणसाला वेड इंजिनाचं. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारातून त्यांनी गंजलेलं कोळशाचं इंजिन उचलून आणलं, वाफ-इंजिन मंडळ काढलं आणि सहा वर्षं खपून ते दुरुस्त करून घेतलं. इंजिन उभं राहिलं, पण चालवणारं कुणी उरलेलं नव्हतं. मग शोधत शोधत आमच्या दारात आले. हे तरुणपणी दौंडला कोळशाच्या इंजिनावर फायरमन होते. हे आणि साईनाथभावजी, असे दोघेच सापडले ज्यांना भट्टी पेटवून वाफ धरता येत होती आणि ज्यांचे गुडघे अजून शाबूत होते.

जाताना शेठ दारात थांबले. "त्या विनीतचा काय ता चौकशीत होईल. फुडच्या म्हयन्यान दोन तारखेला सगल्यांना ठान्याला बोलावलाय. तुना पन. तू खाली मान घालून बस. बाकी आमी बगतो."

मी शहाळं प्यायले.

बुधवार, ५ मार्च

चौकशीत काही विचारतील म्हणून जे माहीत आहे ते लिहून काढते. तोंडी सांगायला गेलं की माझं मागचं पुढे होतं.

१२ जानेवारी, रविवार. इंजिन शेडमधून पहिल्यांदाच बाहेर काढून यार्डातल्या बाजूच्या रुळावर आणलं होतं. रविवारी गाड्या थोड्या कमी, म्हणून चाचणीला दोन तासांची सवड मिळाली होती. आता सगळीकडे रुळांवर विजेची तार असते. इंजिनामागे कोळशा-पाण्याचा डबा असतो, टेंडर म्हणतात त्याला. टेंडरच्या माथ्यावर माणूस उभा राहिला तर तार डोक्यापासून हातभरही लांब राहत नाही. शिवावंही लागत नाही, वीज आपणच झेप घेते. म्हणून आधी वरचा करंट बंद केल्याचा कागद हातात यायला हवा, मगच माणूस वर. त्या दिवशी कागदाला उशीर झाला. अकरा वाजून पाच मिनिटांनी हे फावडं घेऊन टेंडरवर चढले. कागद अकरा वीसला आला.

रेल्वेच्या चौकशीवाल्यांचं म्हणणं असं की, कोळशाची इंजिनं गेल्यावर ह्यांनी सत्तावीस वर्षं विजेच्याच गाड्या चालवल्या. तारेखाली चढू नये हे ह्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. म्हणजे कुणीतरी सांगितलं असणार की करंट बंद झाला, चढा. फोन एकट्या विनीतकडे होता. विनीत मंडळाचा इंजिनियर, चौतीस वर्षांचा. तो म्हणतो, मी सांगितलं नाही. पण ऐकायला जवळ कुणी नव्हतं. चौकशीत त्याच्यावर आलं तर पोलीस केस होईल, अटक होईल.

वर लिहिलेलं सगळं मला माहीत आहे. पण मला माहीत असलेलं सगळं वर लिहिलेलं नाही.

रविवार, ९ मार्च

साईनाथभावजी आणि कमळाबाई आले होते. कमळाबाई माझी दौंडच्या रेल्वे चाळीपासूनची. एका नळावर भांडून आमची मैत्री झाली.

भावजी बसल्या बसल्या सुरू झाले. "वहिनी, तान्या तारंखाली चढणारा गडी नव्हता. दौंडला आम्ही चालत्या गाडीत टेंडरवर जायचो. कोळसा मागं सरकला की फावड्यानं पुढं ओढायचा. डोक्यावर नुसतं आभाळ. पण इकडं बदली झाल्यावर पहिल्याच दिवशी त्यानं माझी कॉलर धरून मला खाली ओढलं. म्हणला, सायन्या, हितं आभाळ नाय. त्या पोरानं सांगितल्याबिगर तो चढला नसंल."

"पुरे," कमळाबाई म्हणाली. "चहा निवला. आमच्याकडे एकदा गाडी सुटली की मधली स्टेशनं घेत नाही." मग माझ्याकडे वळून, "तू जेवतेस का गं नीट? का अजून पुस्तकंच खातेस?"

"वाचत नाही सध्या," म्हटलं.

खरंच वाचत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. मग दौंडला हे ड्यूटीवर गेले की मी पुड्याचे कागद जोडून जोडून वाचायचे, तिथून ग्रंथालयापर्यंत आले. एका दुपारी साठ-सत्तर पानं व्हायची. आता पुस्तक उघडते, एकच ओळ चारदा वाचते आणि मिटते. ग्रंथालयाचं पुस्तक जानेवारीपासून घरात पडून आहे.

भावजी बोलत असताना मला सारखं वाटत होतं, आता सांगावं. मी बशी पुसत राहिले.

शुक्रवार, १४ मार्च

खाली पोरं रंग खेळतायत. दार लावून बसले आहे. लिहायचं ठरवलंय तर लिहिते.

ह्यांना विसरायला होत होतं. चष्मा, किल्ली, तेवढंच नाही. गेल्या ऑगस्टमध्ये भाजी आणायला गेले आणि तीन तासांनी एक रिक्षावाला घेऊन आला. शीळफाट्याला पुलाखाली उभे होते. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, काका दौंड पॅसेंजर कुठे लागते विचारत होते." ऑक्टोबरात मी ह्यांना डोंबिवलीच्या डॉक्टरांकडे नेलं, गुडघ्याचं निमित्त सांगून. डॉक्टरांनी घड्याळ काढायला लावलं. ह्यांनी गोल सुंदर काढला, आणि सगळे आकडे एकाच बाजूला. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, विसरण्याच्या आजाराची सुरुवात. म्हणाले, एकटं सोडू नका, आगीजवळ, यंत्राजवळ तर नकोच.

तो कागद मी साड्यांखाली ठेवला.

संचितालाही लगेच सांगितलं नाही. पोरगी ठाण्याला, तिचा संसार, तिची शाळेतली नोकरी. दिवाळीत तिच्या लक्षात आलं तेव्हा सांगितलं. मंडळाच्या कुणालाच सांगितलं नाही. नोव्हेंबरात विनीतचा फोन आला होता. "काकू, सहज विचारतोय, काकांचं सगळं ठीक आहे ना?"

मी म्हटलं, "एकदम."

तो म्हणाला, "बरं झालं." आणि फोन ठेवला.

करंट बंद झाला असं ह्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. कुणी सांगायची गरजच नव्हती. हे दौंडला होते.

मंगळवार, १८ मार्च

ह्यांचे कपडे आवरायला काढले. मंडळाने दिलेल्या निळ्या डगल्याच्या आतल्या खिशात चिठ्ठ्या सापडल्या. अकरा चिठ्ठ्या. अक्षर ह्यांचं नाही, विनीतचं. त्याचं अक्षर मला माहीत आहे, ह्यांच्या जेवणाच्या डब्यावर नाव त्यानेच लिहिलं होतं.

एकीवर, "आधी पाण्याची काच बघा. मग लाकडं. मग कोळसा. घाई नको." एकीवर, "तुमचा डबा खिडकीत, पांढरी पिशवी." एकीवर, "घरी साईनाथकाकांबरोबर जायचं. एकटं निघायचं नाही." दोन चिठ्ठ्यांवर एकच मजकूर होता, मोठ्या अक्षरात. "वर चढायचं नाही. वर तार आहे."

मी पलंगावर बसून पुन्हा पुन्हा वाचल्या. परक्याचं पोर, पण म्हाताऱ्या माणसाची किती काळजी! पोटचा मुलगा असता तरी एवढं केलं नसतं. आणि आपण त्यालाच फासावर चढू देतोय. त्याने तर चढू नका म्हणून लिहून दिलं होतं, आणि तेही दोनदा.

या चिठ्ठ्या दाखवल्या तर पोरगा सुटेल. दाखवायच्या तर दुसरंही सांगावं लागेल. नाहीतर विचारतील, चिठ्ठी खिशात असून माणूस चढला कसा?

शुक्रवार, २१ मार्च

संचिताकडे ठाण्याला गेले होते. तिला सांगितलं, मी चौकशीत खरं सांगणार आहे.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी तशीच राहिली. "आई, बाबांच्या नावाने पाटी लागतेय. आयुष्यभर कुणी त्यांना साधं प्रमाणपत्र दिलं नाही. आणि तू जाऊन सांगणार की ते वेडे होते?"

"वेडे नव्हते. विसरत होते."

"लोकांना फरक कळतो का गं?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि तुझं काय? पहिला प्रश्न तुलाच विचारतील. डॉक्टरांनी सांगितलेलं, तुला माहीत होतं, तर पाठवत का होतात बाई? काय सांगशील?"

मी म्हटलं, "तिथे त्यांना बरं वाटायचं."

"हो, वाटायचंच," ती म्हणाली आणि पुन्हा घड्या घालायला लागली. माझ्याकडे बघितलं नाही.

ठाण्याहून ठाकुर्लीपर्यंत तेच वाक्य मनात घोळवत आले. तिथे त्यांना बरं वाटायचं. खोटं नाही ते. भट्टी पेटली की ह्यांचे हात बरोबर चालायचे. आदल्या दिवशी काय खाल्लं ते आठवायचं नाही, पण वाफ किती धरली हे नुसत्या आवाजावरून सांगायचे. तरण्या पोरांना शिकवताना ह्यांचा चेहरा मी मंडळाच्या फोटोत बघितलाय. घरी तो चेहरा नसायचा.

पण वाक्य पुरं नाही.

सोमवार, २४ मार्च

पुरं वाक्य असं.

घरात हे माझ्या मागे मागे फिरायचे. स्वयंपाकघरात, गच्चीवर, संडासाच्या दारापर्यंत. "विमल, विठ्ठल ड्रायव्हर आला का?" विठ्ठल ड्रायव्हर वारून तीस वर्षं झाली. नाही म्हटलं की पाच मिनिटांनी पुन्हा तेच. दहा वेळा मी नीट उत्तर द्यायचे, अकराव्या वेळी ओरडायचे. ओरडले की हे लहान मुलासारखे कोपऱ्यात जाऊन बसायचे आणि मग मला दिवसभर घास उतरायचा नाही. एकदा बाहेरून कडी लावून मी जिन्यात बसून वाचलं. दोन पानं वाचली. आत हे दार वाजवत होते.

मंडळाची गाडी एरवी अकराला यायची, चाचणीला तेवढी पहाटेच आली, आणि पाचला सोडायची. आठवड्यातून चार दिवस. गाडी कोपऱ्यावर वळली की मी दार लावायचे, पंखा मोठा करायचे आणि पुस्तक घ्यायचे. त्या दुपारी माझ्या होत्या. त्या वाचवायला मी "एकदम" म्हणाले.

आता एका शर्टाचं लिहिते. ४ जानेवारी, शनिवार, म्हणजे आठ दिवस आधी. हे पाचला आले ते हसतच. "आज टेंडरवर गेलो होतो. वरून पार भीमेचा पूल दिसतो." भीमेचा पूल दौंडला. मी म्हटलं, असेल. पण शर्ट काढला तर पोटापासून छातीपर्यंत कोळसा. पालथं पडून वर चढल्याशिवाय तसा कोळसा लागत नाही. मी रेल्वेवाल्याची बायको आहे, पहिली तेरा वर्षं तसेच शर्ट धुतलेत. तेव्हा इंजिन शेडच्या आतच, मागच्या अंगाला उभं असायचं, तिथे तार नाही. म्हणून वाचले.

मला कळलं होतं. मी उभी राहून विचार केला, आत्ता विनीतला फोन लावावा. लावला असता तर सोमवारपासून हे घरी. एक पुस्तक अर्धं झालं होतं.

मी शर्ट भिजत घातला. दोनदा साबण लावावा लागला.

बुधवार, २६ मार्च

संध्याकाळी बेल वाजली. विनीत. किती वाळलाय. दाढी वाढलेली.

"काकू, खाली आलेलो मघाशीच. वर यावं की नाही कळेना. वॉचमन दोनदा विचारून गेला, कुणाकडे जायचंय."

आत घेतलं. फोटोसमोर उभा राहिला, हात जोडले नाहीत, नुसता उभा राहिला. मी पोहे टाकले. त्याने दोन घास खाल्ले.

"इंजिन कसं आहे?" मी विचारलं. दुसरं काही सुचेना.

"थंड. तीन महिने भट्टी पेटवली नाही तर आतून गंज धरतो. साईनाथकाका एकटे किती करणार. आणि चौकशी उलटी गेली तर कायमचं चौथऱ्यावर, बागेत. पोरं सेल्फी काढतील." मग म्हणाला, "वाफेचं इंजिन आजच्या लाइनवर आणायचं म्हणजे सगळं जगच त्याच्या विरुद्ध असतं, काकू. पाणी भरायला टँकर बोलवा, धुराने वरची तार धरणाऱ्या चिनी मातीच्या वाट्या काळ्या होतात म्हणून परवानगीसाठी भांडा, दोन लोकलच्या मधली सवड मागा. आणि ज्याला खरं कळतं असा माणूस सत्तरीचा."

मी त्याला सांगितलं. दोन तारखेला मी सगळं बोलणार आहे, ह्यांच्या आजाराचं, शर्टाचं. आणि म्हटलं, "तू काळजी करू नकोस. तुझ्या चिठ्ठ्या आहेत माझ्याकडे."

त्याचा हात बशीवरच थांबला. "कुठल्या चिठ्ठ्या?"

"डगल्यातल्या. अकरा आहेत. वर चढायचं नाही, वर तार आहे. तुझ्याच अक्षरात. आता कोण म्हणेल तू चढवलंस?"

त्याने बशी बाजूला सरकवली. मग म्हणाला, "त्या राहू द्या, काकू. नका दाखवू. प्लीज."

"अरे, पण तू सुटशील."

"राहू द्या."

गेला तो पोहे तसेच टाकून. अशी माणसं असतात अजून. स्वतः अडकायला तयार, पण मेलेल्या माणसाचा आब जाऊ द्यायचा नाही. तो गेल्यावर मला जास्तच लाज वाटली. त्याने नको म्हटलं म्हणून मी थांबणार नाही.

रविवार, ३० मार्च

पाडवा. या वर्षी गुढी नाही. साड्यांखालून डॉक्टरांचा कागद काढला.

बुधवार, २ एप्रिल

ठाणे. तिसरा मजला, पंख्याचा आवाज फार. टेबलामागे तीन जण, मध्ये एक बाई, साठीच्या आत, केस पांढरे. एका बाजूला धाकूशेठ आणि साईनाथभावजी, समोर विनीत. संचिता येणार नाही म्हणाली होती, पण आली. मागे बसली.

बाईंनी मला खुर्ची दिली. "तुमचं दुःख आम्ही समजतो. तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

मी उभी राहिले. कागद ठेवला. सांगितलं. शीळफाटा, घड्याळ, विठ्ठल ड्रायव्हर, शर्ट. मागचं पुढे झालं नाही, लिहून काढलेलं होतं. भावजी मध्येच "वहिनी, काय बोलताय" म्हणाले. बाईंनी त्यांना हाताने थांबवलं.

"चार तारखेला ते टेंडरवर चढले होते, हे तुम्हाला त्याच दिवशी कळलं?"

"हो."

"मग?"

"मी शर्ट धुतला."

"मंडळाला का कळवलं नाही?"

संचिताने सांगितलेला प्रश्न. मी म्हटलं, "कळवलं असतं तर ते घरी बसले असते. मला दुपारी वाचायला मिळालं नसतं."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग मी चिठ्ठ्या काढून दिल्या. म्हटलं, "या मुलाचा दोष नाही. त्याने लिहून दिलं होतं."

बाईंनी एकेक चिठ्ठी वाचली. सावकाश. अकरावी वाचून झाली तेव्हा मला वाटलं, सुटला. त्यांनी चष्मा काढला आणि विनीतकडे बघितलं.

"चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला डबा कुठे आहे हे लिहून द्यावं लागत होतं?"

विनीत टेबलावरच्या चिठ्ठ्यांकडे बघत होता.

"एकटं निघायचं नाही, असं का लिहिलंत?"

तेव्हा मला कळलं. पंधरा दिवस चिठ्ठ्या माझ्याजवळ होत्या आणि तेव्हा कळलं.

"मला माहीत होतं," विनीत म्हणाला. "दिवाळीच्या आधीपासून. ते मला विठ्ठल म्हणायचे कधी कधी. जानेवारीत चाचणी झाली नसती तर परवानगी गेली असती. सहा वर्षांचं काम. दुसऱ्या कुणाला इंजिन चालतं ठेवता येत नव्हतं. साईनाथकाकांना पेटवता येतं, पण चालत्या इंजिनाला पाणी द्यायचं तानाजीकाकाच जाणे. मला वाटलं, चिठ्ठ्यांवर निभेल. पण करंट बंद झाला असं मी सांगितलं नाही. मी फोनवर होतो. वळलो तर ते वर होते."

धाकूशेठ कपाळाला हात लावून बसले.

बाहेर बाकावर आम्ही दोघं बसलो. संचिता पाणी आणायला गेली.

मी म्हटलं, "तू त्या दाखवू नको म्हणालास. मला वाटलं, माझ्यासाठी."

"थोडं तुमच्यासाठी पण," तो म्हणाला. मग, "काकू, नोव्हेंबरात मी फोन केलेला आठवतो? तुम्ही एकदम म्हणालात. तुम्ही नाही म्हणाला असता तर मी थांबवलं असतं त्यांना. पण तुम्ही एकदम म्हणालात आणि मला इतकं बरं वाटलं. मला तेच ऐकायचं होतं."

मी म्हटलं, "मलाही कुणी विचारलं की तेच सांगायचं होतं."

माफी त्याने मागितली नाही, मीही नाही. कुणी कुणाची मागायची, ते कळेना.

शुक्रवार, ११ एप्रिल

निकालाचा कागद आला. करंट बंद झाल्याचं खोटं सांगून माणसाला वर चढवलं, असा पुरावा नाही. पोलीस केस नाही. पण माहीत असून आजारी माणसाला तारेखाली नेलं, म्हणून विनीतला मंडळातून काढलं आणि इंजिनाच्या कामावर पुन्हा घ्यायचं नाही. इंजिन एक वर्ष बाहेर काढायचं नाही. शेडच्या आत, तार नाही तिथे, महिन्यातून एकदा पेटवायला हरकत नाही. माझ्याबद्दल दोन ओळी आहेत. "कुटुंबाने माहिती दडवली." मी त्या दोन ओळी पुस्तकासारख्या वाचल्या, न अडखळता.

धाकूशेठ आले, शहाळ्यांशिवाय. "वयनी, पाटीचा आता नाय जमनार. लोक काय बोलतील?"

"नका लावू पाटी," म्हटलं.

ते उठले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "मना पन वाटला होता एकदा. तानाजीभावानी मना माजाच नाव इचारला, दोन वर्षांच्या वलखीनंतर. मी हसून सोरला." आणि मग उठले.

संचिता धरून आम्ही चौघे होतो म्हणजे. आणखी किती, कुणास ठाऊक.

विनीतला शिर्डीकडे कुठल्या कारखान्यात नोकरी मिळते आहे असं ऐकलं. मी फोन लावला नाही. त्याचाही आला नाही.

बुधवार, १६ एप्रिल

दुपारी कमळाबाई आली. चौकशीच्या दिवसापासून आली नव्हती. भावजी माझ्यावर रागावलेत, तान्याला बट्टा लावला म्हणून.

चहा ठेवला. ती ओट्याला टेकून उभी राहिली. पर्समधून एक फॉर्म काढला. मंडळाचा नवा नियम आहे, साठीच्या वरचा माणूस इंजिनाच्या कामावर यायचा तर घरच्यांनी लिहून द्यायचं, तब्येत कशी, डोळे, कान, विसरतो का. खाली बायकोची किंवा मुलाची सही.

"तू वाचणारी बाई," ती म्हणाली. "मला सांग, यात काय लिहायचं असतं."

"जे असेल ते."

"तसं काही नाही गं. ठणठणीत आहेत." चहाला उकळी येत होती, ती त्याकडेच बघत होती. "धाकूशेठ म्हणाले, आता हेच एक उरलेत. हे गेले नाहीत तर इंजिन पेटवायचं कुणाला येत नाही. तरणी पोरं अजून शिकतायत."

मी गॅस बारीक केला.

"आणि हे घरी बसले ना, की माझं डोकं खातात. तुला माहितीय."

"माहितीय."

"तुला काय," ती एकदम म्हणाली. "तू मोकळी झालीस."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. मी गाळणं शोधत होते, ते हातातच होतं. म्हटलं, "हो. झाले मोकळी. म्हणून तर तुला सांगतेय."

तिने चहा घेतला नाही. फॉर्मची घडी केली, पर्समध्ये ठेवली, चेन लावली. मला वाटलं, गेली ही. आता चाळीस वर्षांच्या ओळखीचं माणूस पुन्हा काही माझ्या दारात येत नाही. चप्पल घालायला ती दारात वाकली ती वाकलेलीच राहिली, पट्टा सापडत नसल्यासारखी.

"विमल," खाली बघूनच म्हणाली, "परवा ह्यांनी गॅस चालू ठेवला आणि खाली फिरायला गेले. ते पण लिहायचं का?"

"ते आधी लिही," म्हटलं.

ती परत आत आली. मी पेन शोधलं.